एकुलती किडनी

तिला तोंडावर सगळे ताई म्हणत आणि पाठ फिरली की दाभण. गोणपाट शिवायची जाड, वाकडी सुई दिवसभर तिच्या हातात असायची, म्हणून हे नाव पडलं असं गिऱ्हाइकांना वाटे. तिचा धाकटा भाऊ मात्र सांगे, "सुईचं काही नाही हो. एकदा तिला 'उद्यापर्यंत करून द्या' म्हणून बघा, मग कळेल."

जुने सोफे आणि खुर्च्या नव्याने भरून द्यायचं त्यांचं दुकान होतं. वडिलांनी सुरू केलेलं, दोघांनी पुढे चालवलेलं. मागच्या खोलीत भाऊ मोडके पाय, सुटलेले सांधे असलं लाकडाचं काम बघायचा. पुढच्या खोलीत ताईचं राज्य: काथ्या, स्प्रिंगा, पट्टे, कापडाचे तागे. बारीक खिळे मूठभर तोंडात धरायचे, जिभेने एकेक ओठाशी आणायचा, चुंबकाच्या हातोडीने उचलायचा आणि ठोकायचा, हे ती पंधराव्या वर्षी वडिलांकडून शिकली. खिळे तोंडात असेपर्यंत तिला बोलता येत नसे. दिवसातले तेवढे तास दुकानात शांतता असते, असं भाऊ म्हणायचा.

लग्न राहून गेलं. का राहून गेलं, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही.

ती चौतीस वर्षांची होती तेव्हा भावाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. तो अठ्ठावीसचा. अकरा महिने तो आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशीनला जोडून बसायचा आणि ती शेजारच्या स्टुलावर बसून उशांच्या कडा शिवायची. शेवटी डॉक्टरांनी किडनी देणारं कोणी आहे का विचारलं. तिची जुळली.

"घरी जाऊन नीट विचार करा," डॉक्टर म्हणाले.

"माझ्याकडे दोन आहेत, त्याच्याकडे चालणारी एकही नाही. विचार कसला करायचा त्यात?" ती म्हणाली.

त्याच तपासण्यांत एक भलतंच घडलं. स्कॅनसाठी शिरेतून रंगाचं औषध दिलं आणि पाच मिनिटांत तिचे ओठ सुजले, गळा आवळत आला. डॉक्टर, नर्स धावत आले, इंजेक्शनं दिली, जीव वाचला. तिच्या फाइलवर लाल शाईत लिहिलं गेलं की हे औषध हिला पुन्हा कधीही द्यायचं नाही. बाकीच्या तपासण्या त्या औषधाविना झाल्या. तिची डावी किडनी भावाच्या पोटात गेली आणि पहिल्याच दिवशी कामाला लागली.

पुढे भावाचं लग्न झालं, मुलगी झाली. दुकानाच्या वरच्या मजल्यावर चौघं एकत्र राहायची. भावजय हसतमुख बाई. ती शेजारणींना सांगायची, "ह्यांच्याशी भांडायचं तर जपून भांडावं लागतं. पोटात वन्सं बसल्यात."

असं एकोणीस वर्षं चाललं. ताई त्रेपन्न वर्षांची झाली. एका हिवाळ्यात जेवणानंतर तिच्या बरगडीखाली दुखायला लागलं. पित्ताचे खडे असतील म्हणून भावजयीने तिला बळेबळेच चौकातल्या सोनोग्राफीवाल्याकडे नेलं. डॉक्टर तरुण होता, बोलका होता. पोटावर थंडगार जेली लावून यंत्र फिरवता फिरवता तो तिला स्वतःच्या आईच्या आरामखुर्चीबद्दल विचारत होता, स्प्रिंगा बदलता येतील का वगैरे. मग बोलता बोलता तो गप्प झाला. यंत्र एकाच जागी रेंगाळलं. मागे गेलं, पुन्हा त्याच जागी आलं.

"खडे नाहीत," तो म्हणाला. "पण उजव्या किडनीत एक गाठ दिसतेय."

"मला उजवीच आहे," ताई म्हणाली.

भावजयीच्या हातातली पिशवी खाली पडली.

गाठ दोन सेंटीमीटर चार मिलिमीटरची होती, म्हणजे तिच्या दुकानातल्या एका मध्यम बटणाएवढी. पण जागा वाईट होती. ज्या सर्जनकडे ते रिपोर्ट घेऊन गेले, त्यांनी कागदावर किडनीचं चित्र काढून बरोबर मधोमध टिंब दिलं. "इथे आहे. मोठ्या रक्तवाहिन्यांना खेटून. कडेला असती तर तेवढीच कापून काढली असती. कॅन्सर असेल तर काढावीच लागेल, आणि काढायला गेलो तर किडनी वाचेल याचा शब्द मी देऊ शकत नाही."

"कॅन्सर आहे का?"

"या चित्रावरून नाही सांगता येत. गाठ पांढरी दिसतेय. चरबीची निरुपद्रवी गाठ सोनोग्राफीत अशीच पांढरी दिसते. पण कॅन्सरच्या काही गाठीसुद्धा लहान असताना अशाच दिसतात, तिथे भलेभले फसतात. रंगाचं औषध देऊन स्कॅन केला असता, पण तुमच्या फाइलवर ही लाल शाई आहे."

एमआरआय झाला, औषधाविना. त्यातही उत्तर अर्धवटच मिळालं. गाठीत चरबी दिसली, पण खात्री पटण्याइतकी नाही. हो म्हणवत नाही, नाही म्हणवत नाही. ताईला असल्या उत्तरांचा भारी तिटकारा.

घरी तिने कोणाला काही जाणवू दिलं नाही. सकाळी शटर वर, संध्याकाळी शटर खाली. फक्त एकदा तिने एका गिऱ्हाइकाची मखमल उलटी कापली. मखमलीला लव असते, हात फिरवला की कळतं ती कुठल्या बाजूला झुकते. सगळे तुकडे एकाच दिशेने कापायचे, नाहीतर एकाच सोफ्यावर दोन रंग दिसतात. अडतीस वर्षांत तिच्या हातून हे कधी झालं नव्हतं. ती कापडाकडे बघत नुसती उभी राहिली. मग तुकडे गुंडाळून कपाटावर टाकले आणि नवं कापड काढलं.

भावाची अवस्था तिच्याहून वाईट होती. त्याचं जेवण तुटलं. रंधा मारायला घ्यायचा आणि नुसता हातात धरून बसायचा. चौथ्या दिवशी तो पुढच्या खोलीत आला. ताई एका खुर्चीच्या पाठीला कापड ठोकत होती, तोंडात खिळे होते.

"माझ्यामुळे झालं हे सगळं," तो म्हणाला.

ती मानेनेच नाही म्हणाली आणि खिळा ठोकला.

"दोन असत्या तर एक काढून टाकता आली असती. सुटली असतीस. ताई, तुझी तू परत घे. असं होतं का ते डॉक्टरांना विचारतो. पण तू परत घे."

तिने हातोडी खाली ठेवली. तळहातावर एकेक करून खिळे काढले. सात होते.

"एकोणीस वर्षं वापरलेला माल मी परत घेत नाही," ती म्हणाली. "आणि माझ्यापेक्षा तूच ती जास्त जपलीस. मी तिला पाणीसुद्धा वेळेवर देत नव्हते."

त्याला हसू फुटलं आणि हसता हसता तो रडायला लागला. ताईने त्याला भरायला आलेल्या सोफ्यावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसली.  त्या दिवशी पहिल्यांदा तिने मनाशी कबूल केलं की आपल्याला भीती वाटतेय. मरायची तेवढी नाही. त्या मशीनची. अकरा महिने ती मशीनच्या शेजारी बसली होती. आपल्या बाजूला आता कोण बसणार हे तिला ठाऊक होतं, आणि त्याचे हाल तिला बघवणार नव्हते.

सर्जन घाईने सुरी उचलणाऱ्यांतले नव्हते, हे तिच्या नशिबाने बरं झालं. त्यांचा फोन आला. "कापायच्या आधी एका बाईंना दाखवू. मोठ्या इस्पितळात आहेत. बुडबुड्यांची सोनोग्राफी करतात. त्यांनी सांगितलं तर मला नीट ठरवता येईल."

"बुडबुड्यांची?" ताईला वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली.

बसने दोन तासांचं अंतर होतं. तिघंही गेली. सोनोग्राफीची खोली तळमजल्यावर, लांबच लांब बोळाच्या टोकाला. आत अंधुक उजेड, मशीनचा घूंऽऽ असा आवाज आणि भिंतीशी गुंडाळून ठेवलेल्या वायरी. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या होत्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. भावाला बाहेर बसवलं. भावजयीला मात्र त्यांनी आत येऊ दिलं.

"माझे हात गार असतात, आधीच माफी मागते," त्या म्हणाल्या. "डाव्या कुशीवर व्हा. काय करणार आहे ते सांगू, की डोळे मिटून पडणार?"

"सांगा," ताई म्हणाली. "न बघता मी कधी कापडसुद्धा घेत नाही."

मग त्यांनी सांगितलं. शिरेतून चमचाभरापेक्षा कमी औषध जाणार. त्यात वायूचे बुडबुडे. साबणाच्या फेसासारखे, पण रक्तातल्या तांबड्या पेशींहूनही बारीक. रक्त जिथे जाईल तिथे ते जातात आणि सोनोग्राफीत चमकतात. किडनीवर त्यांचा भार पडत नाही. थोड्या वेळाने श्वासावाटे निघून जातात.

"तुमच्या त्या जुन्या औषधाशी याचं काही नातं नाही. तरीपण तसं काही झालंच तर द्यायची इंजेक्शनं नर्सने भरून तयार ठेवलीत. माझा स्वभावच तसा आहे, घाबरट."

ताईला त्या बाई तिथेच आवडल्या. कामाच्या बाबतीत घाबरट असलेल्या माणसावर तिचा विश्वास बसायचा.

पडद्याचे दोन भाग होते. डावीकडे नेहमीचं राखाडी चित्र, उजवीकडे नुसता काळोख. नर्सने औषध सोडलं. बाई हळू आवाजात सेकंद मोजायला लागल्या. आठ, नऊ, दहा. काळोखात एक रेघ उजळली, तिला फांद्या फुटल्या आणि बघता बघता अख्खी किडनी उजळून निघाली. भावजय न राहवून म्हणाली, "अगंबाई, वन्सं!" बाईंचं लक्ष मात्र दुसरीकडे होतं. त्यांचा हात दगडासारखा स्थिर होता, डोळे पडद्याला चिकटलेले.

"श्वास धरा... सोडा... पुन्हा धरा."

तीन-चार मिनिटं हेच चाललं. मग वीस मिनिटं थांबून त्यांनी पुन्हा तेच केलं, दुसऱ्या बाजूने. या वेळी ताईने बाईंच्या तोंडाकडे बघायचं टाळलं. तिला तो चौकातला तरुण डॉक्टर आठवत होता, त्याचं ते गप्प होणं. तिने बाईंच्या बसायच्या स्टुलाकडे बघितलं. स्टुलाचा फोम एका बाजूने पार बसला होता. बाई तिरक्या बसून खांदा उचलून काम करत होत्या. हिचा खांदा संध्याकाळी ठणकत असणार, असं ताईच्या मनात आलं.

शेवटी बाईंनी दिवा लावला, चष्मा काढला आणि पडदा तिच्याकडे वळवला.

"आता बघा. ही बाकीची किडनी, एका दमात भरली. आणि ही गाठ. मागे राहिली, दिसतंय? कडेकडून आत, हळूहळू भरत गेली. आणि भरल्यावर रिकामी व्हायची तिला घाई नाही, शेवटपर्यंत तशीच आहे." त्यांनी चित्र मागे नेऊन पुन्हा चालवलं. "कॅन्सरची गाठ बहुतेकदा धसमुसळी असते. घाईने भरते आणि बाकीच्यांच्या आधी ओसरते. पुष्कळदा तिच्याभोवती एक चमकतं कडं दिसतं. ते कडं मी दोन्ही वेळा शोधलं. मला सापडलं नाही."

"म्हणजे चांगली आहे?"

"चांगली वागतेय. चांगली आहेच, असं नुसत्या चित्रावरून मी लिहून देत नाही. कधी कधी या गाठी सोंग घेतात, आणि मीसुद्धा चुकले आहे."

ताई उठून बसली. "तुमची सख्खी बहीण असती तर काय केलं असतं?"

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "किडनीला हात लावू दिला नसता," त्या म्हणाल्या. "आधी बारीक सुईने गाठीचा तुकडा काढून तपासला असता. रक्तस्रावाचा थोडा धोका असतो, तो तिला स्पष्ट सांगितला असता. आणि सुई मी स्वतः घातली असती."

"मग तसंच करू," ताई म्हणाली.

सर्जनशी फोनवर बोलणं झालं, त्यांनाही ते पटलं. आठवड्याने त्याच खोलीत ताई पालथी पडली होती. तिने सुई आधी हातात मागून घेतली, अर्थात वेष्टनासकट.

"एवढीशीच?" ती म्हणाली. "आमच्याकडे याला कोणी सुई म्हणणार नाही."

पडद्यावर बघत बाईंनी सुई नेमकी गाठीत नेली. आतल्या स्प्रिंगने खटकन आवाज केला. ताई दचकली, मग म्हणाली, "स्प्रिंग चांगल्या कामाची आहे." नर्सला हसू आवरेना. बाई कडक आवाजात म्हणाल्या, "हसवू नका, अजून दोनदा जायचंय," आणि मग त्याही हसल्या.

ती रात्र इस्पितळात काढायची होती. रक्त येऊ नये म्हणून उजव्या कुशीला वाळूची पिशवी लावून ताई निजून होती आणि भाऊ शेजारी स्टुलावर बसला होता. त्याने दर तासाला नर्सला काहीतरी विचारून तिला इतकं भंडावलं, की ताईनेच त्याला दटावलं, "तू कॉफी पिऊन ये. त्या बाईला तिचं काम करू दे."

उत्तर यायला दहा दिवस लागले. बाईंचा स्वतःचा फोन आला तेव्हा दुपारचे बारा वाजले असतील. भावाने उचलला, ऐकलं आणि फोन तिच्या कानाला लावला.

"चरबी, स्नायू आणि रक्तवाहिन्या," बाई म्हणाल्या. "एवढंच आहे तिच्यात. कॅन्सर नाही. नाव लांबलचक आहे, अँजिओमायोलिपोमा, ते विसरलात तरी चालेल. दर सहा महिन्यांनी माझ्याकडे यायचं मात्र विसरायचं नाही."

ताईला कोणाचे आभार मानायची सवय नव्हती. ती "बरं" म्हणाली. मग पुन्हा "बरं" म्हणाली. फोन बंद झाल्यावर ती जवळच्या उघड्या सोफ्यावर बसली, नुसत्या स्प्रिंगांवर, आणि तिने पदराने तोंड झाकून घेतलं. भाऊ पायऱ्यांपाशी जाऊन वर हाक मारायला गेला, तर आवाजच फुटेना. शेवटी त्याने हातोडीने कठडा बडवला, तेव्हा भावजय आणि भाची घाबऱ्याघुबऱ्या खाली आल्या.

दोन दिवसांनी ताई चौकातल्या तरुण डॉक्टरकडे गेली.

"तुम्ही त्या दिवशी गप्प झालात, तेव्हा मी मनातल्या मनात तुम्हाला खूप शिव्या दिल्या," ती म्हणाली. "त्या परत घ्यायला आलेय."

तो बिचारा गोंधळला. मग म्हणाला, "खरं सांगू का, तुम्ही खड्यांसाठी आला होतात. किडनी इतकी बारकाईने बघायची गरज नव्हती. पण शिकवणाऱ्या बाईंनी सवय लावली होती, पोटावर यंत्र ठेवलं की सगळं बघून उठायचं." कुठल्या बाई, हे ताईने विचारलं तेव्हा दोघांनाही नवल वाटलं. त्याच होत्या त्या, थंड हातांच्या. त्याच्या आईची आरामखुर्ची ताईने त्या आठवड्यात आणवून घेतली आणि असल्या कामासाठी तिच्या दुकानात सहसा न वापरला जाणारा उंची काथ्या तिच्यात भरला.

पहिल्या सहा महिन्यांच्या तपासणीला ती हत्यारांची पिशवी घेऊनच गेली. गाठ आहे तेवढीच होती. कपडे नीट करून ती म्हणाली, "बाई, आता तुम्ही उठा. अर्धा तास उभ्या राहा नाहीतर चहा पिऊन या." आणि बाई नको नको म्हणत असताना तिने स्टूल उलटं करून त्याचे खिळे उपसायला सुरुवात केली. बोळात थांबलेले पेशंट आत काय ठोकाठोक चाललीय म्हणून डोकावून गेले. काम झालं तेव्हा बाई बसून बघायला लागल्या, एकदा पुढे, एकदा मागे, आणि काही क्षण नुसत्याच बसून राहिल्या. "वीस वर्षं मी अशीच तिरकी बसतेय," त्या म्हणाल्या, "आणि इतक्या जणांत कोणाच्या हे लक्षात आलं नाही."

"त्यांचं लक्ष पडद्याकडे असतं," ताई म्हणाली. "माझं बसायच्या जागेकडे."

याला आता आठ वर्षं झाली. ताई एकसष्ट वर्षांची आहे. गाठ या सगळ्या काळात दोन मिलिमीटर वाढली आणि तिथेच थांबली. तपासणी आता वर्षातून एकदाच असते. ताई पाणी वेळेवर पिते, भाची बाटली भरून समोर आणून ठेवते म्हणून. जिभेत काही फरक पडलेला नाही. मात्र एखादं गिऱ्हाईक 'मोठ्या इस्पितळात बोलावलंय' असं घाबरत सांगायला लागलं, की ती हातातलं काम ठेवते आणि पूर्ण ऐकून घेते.

मागच्याच महिन्यातली गोष्ट. एका तीनमजली घरात भरलेला सोफा पोचवायचा होता. जिना अरुंद, सोफा लांब. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो असा अडकला की पुढे जाईना, मागे येईना. हमाल दोरी आणायला खाली गेले. ताई आणि भाऊ वर राहिली.

"मापं तू घेतली होतीस," भाऊ म्हणाला.

"सोफ्याची. जिन्याची तू घ्यायची होतीस."

उभं राहून करायचं तरी काय, म्हणून दोघं त्या अडकलेल्या सोफ्यावरच बसली. जिन्याच्या खिडकीतून ऊन येत होतं. वरच्या मजल्यावरच्या आजीबाई पिशवी घेऊन खाली यायला निघाल्या होत्या; त्या वाट बंद बघून थबकल्या, यांच्याकडे बघत राहिल्या आणि मग सरळ पलीकडच्या टोकाला बसल्या.

"छान झालाय हो," त्या हाताने गादी दाबत म्हणाल्या. "कोणी भरला?"

"हिने," भाऊ म्हणाला.

ताईने डोकं मागे टेकलं. "घाई आहे का तुम्हाला?" तिने आजीबाईंना विचारलं.

"छे," त्या म्हणाल्या. "मला कसली घाई?"

"मग बसा," ताई म्हणाली. "आम्हालाही नाही."